धावणेही शिकावे लागते

पोहणे शिकावे लागते हे सर्वांना मान्य आहे. पाठीला डबा बांधून, कोणा जाणत्याच्या देखरेखीखाली आपण विहिरीत उतरतो. सायकल शिकावी लागते, मल्लखांब शिकावा लागतो, लेझमीचे हातसुद्धा शिकावे लागतात. धावणे मात्र जन्मतःच येते असे आपण धरून चालतो. पी. टी.च्या तासाला शिट्टी वाजते, ‘मैदानाला तीन फेऱ्या’ असा हुकूम सुटतो आणि मुले पळत सुटतात. पहिली येणारी चार-पाच मुले ‘धावणारी’ ठरतात, मागे राहणारी ‘दम नसलेली’ ठरतात. पाऊल कोठे टाकावे, किती लांब टाकावे, मिनिटाला किती टाकावीत, याविषयी एक वाक्यही कोणी बोलत नाही. सातवी-आठवीत नडगी किंवा गुडघा दुखू लागला की मूल धावणे सोडून देते, आणि आपल्याला ते जमणारच नव्हते असे समजून मोठे होते.

मी भौतिकशास्त्राचा अध्यापक आहे, खेळाडू नव्हे. तरीही हा विषय माझ्या हद्दीत येतो असे मला वाटते. वर्गात आपण न्यूटनचे तीन नियम शिकवतो, गाड्यांची व चेंडूंची उदाहरणे सोडवून घेतो. पण या नियमांचा सर्वांत जवळचा प्रयोग म्हणजे विद्यार्थ्याचे स्वतःचे दोन पाय, आणि त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. नीट धावणे म्हणजे काय, हे नववी-दहावीच्या गणितात मावण्याजोगे आहे. ते शाळेत शिकवले गेले पाहिजे, आणि त्यासाठी स्टेडियम लागत नाही, असे माझे मत आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुज गणेशाच्या देवळामुळे आणि किनाऱ्यावरच्या बामणघळीमुळे अनेकांना माहीत आहे. खडकातील त्या अरुंद चिरेत लाट घुसली की पाण्याचा खांब उंच उडतो. तो पाहावयास सहली येतात. गावाची जमीन मात्र धावणाऱ्याला तीन प्रकारची परीक्षा देते. वर जांभ्याचा सडा, कठीण आणि खडबडीत; मध्ये चढ-उताराचा डांबरी रस्ता; आणि खाली पुळण. या तिन्ही ठिकाणी सकाळी लवकर मुले धावताना दिसतात. बहुतेकांचे लक्ष्य एकच असते, ते म्हणजे भरती. समुद्राची नव्हे, पोलिसांची किंवा सैन्याची. पोलीस शिपाई होऊ इच्छिणाऱ्या मुलाला १६०० मीटर आणि मुलीला ८०० मीटर धावून दाखवावे लागते, आणि वेळेवर गुण असतात. जाहिरात आली की सहा महिने अंग न हलवलेला मुलगा दुसऱ्याच दिवशी रस्त्यावर चार किलोमीटर धावतो, तिसऱ्या आठवड्यात नडगी धरून बसतो आणि चाचणीच्या दिवशी वेदनाशामक गोळी घेऊन उभा राहतो. अशी मुले कोकणातच आहेत असे नाही; महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात आहेत. कित्येक घरांची पुढची वीस-तीस वर्षे या पाच-सहा मिनिटांवर ठरत असतात. म्हणून ‘धावणे काय शिकवायचे?’ हा प्रश्न मला हसण्यावारी नेण्याचा वाटत नाही.

आता गणिताकडे वळू. चालणे आणि धावणे यांत वेगाचाच फरक आहे असे नव्हे. ती दोन वेगळी यंत्रे आहेत. चालताना एक पाय नेहमी जमिनीवर असतो आणि शरीर त्या पायावरून उलट्या लंबकासारखे पुढे झुकते. धावताना दर पावलाला असा एक क्षण येतो की दोन्ही पाय हवेत असतात. म्हणजे धावणे ही लहान लहान उड्यांची मालिका आहे, आणि प्रत्येक उडीनंतर खाली येणाऱ्या शरीराला एका पायाने झेलावे लागते.

समजा, एक मुलगी सेकंदाला ३ मीटर या सावकाश वेगाने धावत आहे आणि मिनिटाला १५० पावले टाकते आहे. म्हणजे एका पावलाला ०.४० सेकंद लागतो आणि पाऊल १.२ मीटर लांब पडते. पाय जमिनीला पाव सेकंद टेकतो असे धरू. उरलेला ०.१५ सेकंद ती हवेत असते. हवेतल्या काळाचा निम्मा भाग वर जाण्यात व निम्मा खाली येण्यात जातो. तेव्हा वर जाण्याची उंची गुरुत्वत्वरण गुणिले काळाचा वर्ग भागिले आठ एवढी भरते. आकडे घालून पाहा, ती सुमारे २.८ सेंटिमीटर येते.

तिने वेग तोच ठेवून पावले मिनिटाला १६५ केली, म्हणजे दहा टक्क्यांनी वाढवली, तर? आता पाऊल १.०९ मीटरचे होते, म्हणजे फक्त ११ सेंटिमीटरने आखूड. पावलाला ०.३६ सेकंद लागतो, आणि टेकण्याचा काळ तोच धरला तर हवेत फक्त ०.११ सेकंद जातो. उडीची उंची होते सुमारे १.६ सेंटिमीटर. सव्वा सेंटिमीटरचा फरक क्षुल्लक वाटेल. पण मिनिटाची बेरीज करा. पहिल्या प्रकारात ती मिनिटाला ४.१ मीटर वर चढते आणि तेवढीच खाली येते, दुसऱ्यात २.६ मीटर. दहा मिनिटांत एकीकडे ४१ मीटर, दुसरीकडे २६ मीटर. तेरा-चौदा मजले चढणे आणि आठ-नऊ मजले चढणे यांतला हा फरक आहे, आणि अंतर दोघींनी सारखेच कापले आहे. (टेकलेल्या पायावरही शरीर वरखाली होते, तो हिशेब मी येथे सोडून दिला आहे. पायांतील स्प्रिंग यातली काही ऊर्जा परत करते, तिच्याकडे पुढे येऊच.)

आता बल पाहू. जमिनीने आपल्याला सरासरीने आपल्या वजनाएवढेच वर रेटले पाहिजे. नाहीतर आपण जमिनीत तरी जाऊ किंवा आकाशात तरी. पण जमीन रेटते ती पाय टेकलेला असतानाच. पहिल्या प्रकारात ०.४० सेकंदांचे काम तिला ०.२५ सेकंदांत उरकावे लागते, म्हणून टेकलेल्या काळातील सरासरी बल वजनाच्या १.६ पट असते. बल शून्यापासून वाढत शिखराला जाते व पुन्हा शून्यावर येते. ते साइन वक्राप्रमाणे बदलते असे धरले तर शिखर सरासरीच्या १.५७ पट, म्हणजे वजनाच्या अडीच पट येते. दुसऱ्या प्रकारात ते २.३ पटीच्या आत राहते. मुलीचे वजन ५० किलोग्रॅम असेल तर एका पायावर क्षणभर १२५ किलोग्रॅमचा भार येण्याऐवजी ११४ किलोग्रॅमचा येईल. प्रयोगशाळेत बलमापक पट्टीवरून माणसे धावायला लावून घेतलेली मापेही वजनाच्या दोन ते तीन पट अशीच येतात, तेव्हा आपला पाटीवरचा हिशेब फारसा भलतीकडे गेलेला नाही.

येथे एखादा चौकस विद्यार्थी हात वर करील. पावले आखूड केली म्हणजे ती जास्त टाकावी लागली. मग भार कमी झाला तरी खेपा वाढल्या, फायदा कोठे झाला? प्रश्न अगदी रास्त आहे. १६०० मीटरला पहिल्या प्रकारात १३३३ पावले लागतात, दुसऱ्यात १४६७. भार गुणिले पावले असा गुणाकार केला तर दोन्हीकडे जवळजवळ एकच संख्या येते. ती यायलाच हवी, कारण वेळ तोच आहे आणि गुरुत्वाकर्षणाला फसवता येत नाही. मग?

याचे उत्तर एक तार घेऊन मिळवा. लोखंडी तार काटकोनात पुढे-मागे वाकवत राहिलात तर थोड्याच वेळात तुटेल. तीच तार प्रत्येक वेळी थोडीच वाकवलीत तर तुमचा हात दुखेल, पण तार तुटणार नाही. पदार्थाचा शीण हा भाराच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून कितीतरी झपाट्याने वाढतो. दहा टक्के कमी भार दहा टक्के जास्त वेळा सोसणे पदार्थाला परवडते. हाडाचेही तसेच आहे. हाडाकडे तारेहून एक गोष्ट अधिक आहे. ते जिवंत आहे, आणि बारीक चिरा रात्रंदिवस दुरुस्त करीत असते. मात्र दुरुस्तीला दिवस लागतात, आणि रोज मोडतोड दुरुस्तीपेक्षा जास्त झाली तर एक दिवस नडगीच्या हाडाला तडा जातो. सहा महिने बसून राहिलेला मुलगा एकदम चार किलोमीटर धावू लागतो तेव्हा हेच घडत असते. त्याचा दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो, हाडे व कंडरा मात्र महिन्यांच्या हिशेबाने बळकट होतात. दम साथ देतो म्हणून तो अंतर वाढवतो, आणि तेथेच फसतो.

लांब ढांग टाकण्यात आणखी एक तोटा आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत समजून घेण्याजोगा आहे. खाडीत होडी पुढे चालली असता नावाड्याने बांबू होडीच्या पुढे तळात रोवला तर काय होईल? होडी अडेल. तोच बांबू मागे रोवून रेटला तर होडी पुढे जाईल. धावणाऱ्याचा पाय म्हणजे हा बांबूच होय. पाऊल शरीराच्या बरेच पुढे, गुडघा ताठ ठेवून, टाचेवर आदळले की जमिनीची प्रतिक्रिया मागच्या दिशेला कललेली असते आणि ती वेग खाते. मग तो गेलेला वेग परत मिळवण्यासाठी पोटरीला व मांडीला जादा काम करावे लागते. प्रत्येक पावलाला ब्रेक दाबायचा आणि प्रत्येक पावलाला पुन्हा पेट्रोल द्यायचे, असा हा व्यवहार आहे. थोडा ब्रेक प्रत्येक धावणाऱ्याला लागतोच. तो अजिबात नसेल असे धावणे संभवत नाही. पण पाऊल जितके कमरेच्या खाली, तितका तो कमी. गुडघा किंचित वाकलेला असेल तर भार झेलण्याचे कामही हळुवार होते. ‘लांब ढांगा टाक’ अशी सूचना मैदानाच्या कडेने अनेकदा ऐकू येते. शर्यतीचा वेग वाढतो तशी ढांग आपोआप लांबते, पण ती मागे रेटण्याने लांबली पाहिजे, पाय पुढे फेकण्याने नव्हे. ही सूचना देणाऱ्यांनी तेवढे शेपूट तिला जोडावे.

पायाची रचना पाहिली म्हणजे निसर्गाने आपल्याला कोणते यंत्र दिले आहे हे कळते. टाचेच्या मागे हात लावा, दोरखंडासारखी जाड कंडरा लागेल. पाऊल टेकते तेव्हा ती ताणली जाते आणि उचलताना आखडते, अगदी रबराप्रमाणे. तळपायाची कमानही तशीच चपटी होते आणि पुन्हा उठते. १९८७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात इंग्लंडमधील मॅकनील अलेक्झांडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब प्रसिद्ध केला. सुमारे ७० किलोग्रॅम वजनाचा माणूस सेकंदाला साडेचार मीटर वेगाने धावत असता प्रत्येक पावलाला शरीराची सुमारे १०० ज्यूल ऊर्जा नाहीशी होते व पुन्हा उभी करावी लागते. त्यातील सुमारे ३५ ज्यूल टाचेवरच्या कंडरेत आणि १७ ज्यूल तळपायाच्या कमानीत साठवले जातात. म्हणजे निम्म्याच्या आसपास ऊर्जा फुकट परत मिळण्याची सोय आहे. स्नायूंना अन्न लागते; कंडरेला ताणून सोडले की पुरे. स्प्रिंगला मात्र ताणल्याबरोबर सोडले पाहिजे. पाऊल जमिनीवर रेंगाळले की ही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. चपळ, हलके पाऊल टाकावे असे जुने लोक सांगत, त्याला असा आधार आहे.

या ठिकाणी एक आक्षेप नेहमी येतो. आपल्या बापजाद्यांना कोणी शिकवले होते? आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने मीच एक पुरावा देतो. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून हजर होते. शेतात राबणारी, साधे अन्न खाणारी, आधुनिक शिक्षणाचा वारा न लागलेली मुले तेथे अनवाणी धावली, आणि त्यांच्या वेळा युरोपातील वेळांच्या तोडीच्या पाहून टाटा थक्क झाले. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपले खेळाडू पाठवण्याचा उद्योग सुरू झाला. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्या मॅरेथॉनमध्ये धावले. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या मॅरेथॉनहूनही अर्धा किलोमीटर जास्त होते. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९ वे आले. पहिल्या आलेल्या फिनलंडच्या हान्नेस कोलेमाइनेनला २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंद लागले होते.

तेव्हा न शिकवता धावता येते हे खरे. पण ‘न शिकवता’ याचा अर्थ ‘न शिकता’ असा होत नाही. अनवाणी माणसाला जमीनच शिकवते. जांभ्याच्या सड्यावर बूट न घालता टाच आपटून दहा पावले धावून पाहा (दहाच, जास्त नको), अकराव्या पावलाला तुमचे पाऊल आपोआप आखूड आणि हलके होईल. वर्षानुवर्षे अशी शिकवणी झाली की वेगळ्या गुरूची गरज राहत नाही. आजच्या मुलांच्या पायांत शाळेचे बूट असतात, टाचेखाली जाड रबर असते. ते आघाताची टोचणी लपवते, आघात पूर्णपणे नाहीसा करीत नाही. जमिनीची शिकवणी बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी आपण सुरू केली नाही. शिवाय जे अनवाणी धावून नावारूपाला आले तेवढेच आपल्याला आठवतात. पाय दुखावल्यामुळे घरी बसले त्यांची नोंद कोणी ठेवली आहे?

याचा अर्थ बूट फेकून द्यावेत असा मात्र कोणी घेऊ नये. २०१० साली हार्वर्ड विद्यापीठातील डॅनिएल लिबरमन यांनी दाखवले की नेहमी अनवाणी धावणारे लोक बहुधा चवड्यावर किंवा मधल्या तळव्यावर उतरतात, आणि टाचेवर उतरताना जमिनीचा जो पहिला तीक्ष्ण धक्का बसतो तो त्यांना जवळजवळ बसत नाही. यावर जगभर अनवाणी धावण्याची लाट आली. पुढे २०१३ साली उत्तर केनियातील अनवाणी राहणाऱ्या दासानाच लोकांचा अभ्यास झाला, तेव्हा सावकाश धावताना त्यांतील बहुतेक टाचेवरच उतरतात असे आढळले. म्हणजे टाच की चवडा हा प्रश्न वाटतो तितका मूलभूत नाही. चवड्यावर उतरले तर गुडघ्याचा भार हलका होतो, पण तो नाहीसा न होता पोटरीवर आणि टाचेच्या कंडरेवर जातो. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात गेले, एवढेच. ज्याचा गुडघा दुखतो त्याला हा व्यवहार फायद्याचा ठरेल, ज्याची कंडरा दुखते त्याला तोट्याचा.

म्हणून मी मुलांना टाच-चवड्याच्या वादात पडू देत नाही. पाऊल कमरेच्या जवळ पडते का आणि मिनिटाला किती पडतात, एवढेच पाहावे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही पावलांचा दर पाच ते दहा टक्क्यांनी वाढवला असता गुडघा व खुबा यांवरील भार कमी झाल्याचे दिसले. सर्वांनी मिनिटाला १८० पावलेच टाकली पाहिजेत असा एक आकडा सगळीकडे सांगितला जातो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अव्वल धावपटूंची पावले मोजून जॅक डॅनिएल्स या प्रशिक्षकाने तो प्रचारात आणला. पण तो वेगवान, कसलेल्या धावपटूंचा शर्यतीतला आकडा आहे; आठवीतल्या मुलाला तो लादणे म्हणजे थोरल्या भावाचे बूट धाकट्याला घालण्यासारखे होय. फार जलद पावले टाकली तर पाय पुढे-मागे हलवण्यातच ऊर्जा खर्च होते. अनुभवी धावपटू आपल्याला सर्वांत स्वस्त पडणारी ढांग बहुधा आपोआपच निवडतात, असे १९८२ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगातही दिसले होते. शिकवणीची गरज आहे ती नवख्याला.

आता प्रयोग. हेदवीची पुळण ही यासाठी उत्तम प्रयोगशाळा आहे. ओहोटीच्या वेळी पाणी नुकतेच सरकलेली ओली, घट्ट वाळू निवडा. मित्राला नेहमीच्या वेगाने पन्नास पावले धावू द्या. दुसऱ्याने घड्याळ लावून फक्त उजवे पाऊल वीस सेकंदांत किती वेळा पडते ते मोजावे. त्याला सहाने गुणले की मिनिटाची पावले मिळतात. उजवे पाऊल पंचवीस वेळा पडले तर दर १५० झाला. मग टेपने वीस पावलांचे ठसे मोजून सरासरी लांबी काढा. लांबी गुणिले दर म्हणजे वेग. आता ठसे वाचा. टाचेचा खळगा खोल आणि वाळू पुढे रेटलेली दिसली तर तेथे ब्रेक दाबला गेला आहे. चवड्याच्या बाजूने वाळू मागे उडालेली दिसली तर ते रेटणे. मग त्याच मित्राला, वेग न वाढवता, वीस सेकंदांत सत्तावीस-अठ्ठावीस उजवी पावले टाकावयास सांगा आणि ठशांची तुलना करा. ताल पकडायला शाळेतला लेझमीचा ढोल फार उपयोगी पडतो. पावलांचा आवाज हीसुद्धा चांगली खूण आहे, पण समुद्राच्या गाजेपुढे तो ऐकू यायचा नाही. ते काम शाळेच्या पटांगणावर करावे. धप्‌ धप्‌ आवाज येत असेल तर जमीन काहीतरी परत देत आहे हे समजावे.

पुळणीवर दोन गोष्टी जपाव्यात. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो आणि कंबर तिरकी होते. म्हणून गेलेल्याच वाटेने परत यावे, भार वाटला जातो. आणि कोरड्या भुसभुशीत वाळूत तयारी केली की पाय मजबूत होतात, या समजुतीने तेथे लांब पल्ला धावू नये. बेल्जियममधील लजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मोजले, तेव्हा वाळूत धावण्यास कठीण जमिनीच्या १.६ पट ऊर्जा लागते आणि चालण्यास तर दुपटीहून अधिक, असे आढळले. वाळू स्प्रिंगप्रमाणे काही परत देत नाही, दाबली गेली की गेली. आठवड्यातून एखादे वेळी थोडा वेळ ठीक. पण चाचणी मैदानावर व्हायची असेल तर पायांना मैदानाची ओळख हवी.

नडगी दुखू लागली तर काय करावे, हे मुलांना कोणी सांगत नाही. हाडाच्या कडेने लांबवर ठणका असेल आणि विश्रांतीने जात असेल तर अंतर निम्म्यावर आणावे. पण बोटाने दाबल्यावर हाडाच्या एकाच जागी कळ येत असेल, किंवा चालतानाही दुखत असेल, तर धावणे बंद करून डॉक्टरांना दाखवावे. गोळी घेऊन धावणे म्हणजे चुलीवर दूध उतू जात असता डोळे मिटून घेणे. उष्म्याचेही तसेच. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीसभरतीत पाच किलोमीटरच्या चाचणीच्या वेळी काही उमेदवार दगावले. कोकणच्या दमट हवेत घाम निथळतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याखेरीज शरीर थंड होत नाही. पावले कितीही सुबक पडली तरी यावर उपाय होत नाही. पहाटेची वेळ, पाणी, आणि चक्कर येताच थांबण्याची मोकळीक हाच उपाय.

शाळांनी काय करावे? व्यायामशिक्षकांना दोष देणे मला पटत नाही. एकच शिक्षक, चार तुकड्या, आणि परीक्षा जवळ आली की पी. टी.चा तास गणिताला द्यावा लागतो, ही परिस्थिती मी जाणतो. म्हणूनच हा तास विज्ञानशिक्षकाने आणि व्यायामशिक्षकाने मिळून वर्षातून चार वेळा घ्यावा असे मी सुचवतो. गतीचे समीकरण त्या दिवशी फळ्यावर न शिकवता मैदानावर शिकवावे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या पावलांचा दर व लांबी वहीत लिहावी, जूनचे आकडे आणि फेब्रुवारीचे आकडे शेजारी ठेवावेत. शर्यतीत शेवटी येणाऱ्या मुलाचे आकडे तर आधी पाहावेत. त्याला दम नाही की त्याचा ब्रेक दाबलेला आहे, हे तेव्हा कळेल. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर शास्त्रशुद्ध धावणे शिकला, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत मिळवले. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावून दहावी आली. अशी मुले कोणाच्या तरी नजरेस पडली म्हणून पुढे गेली. आठवीत नडगी धरून मैदानाबाहेर बसलेल्यांत आणखी कोण होते, ते सांगता येणार नाही.

सुरुवात करणाऱ्यांसाठी वेळापत्रक अगदी साधे आहे. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, दोन मिनिटे धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे पाच वेळा. पावलांच्या दरात बदल करायचा तो धावण्याच्या पहिल्याच मिनिटात, ताज्या पायांनी. उरलेला वेळ नेहमीसारखे धावावे. अंतर हळूहळू वाढवावे, आणि ज्या आठवड्यात अंतर वाढवले त्या आठवड्यात वेग वाढवू नये. भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत बसू नये, अकरावीतच सुरुवात करावी.

पुळणीवर ठसे मोजायचे असतील तर ओहोटी गाठावी लागेल. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते, हे किनाऱ्यावरच्या मुलांना सांगायला नको; ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती बाराच्या आगेमागे येते, म्हणजे सकाळी सहाला ओली वाळू मोकळी असते आणि ऊनही नसते. टेप, घड्याळ आणि वही घेऊन तिघांनी जावे. एकाने धावावे, एकाने मोजावे, एकाने लिहावे, आणि मग जागा बदलाव्यात.